प्रिंटची एक ओळ वाढवली आणि बेरीज चुकली : इनलाइन असेंब्लीतले ऑपरंड कन्स्ट्रेंट

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय, म्हणून धागा काढतोय.

१२८ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करायची आहे. एक्स८६-६४ मशीन, लिनक्स, जीसीसी (सी चा कम्पायलर). प्रत्येक संख्येचे ६४ बिटांचे दोन तुकडे केलेत, खालचा आणि वरचा. समजायला सोपं जावं म्हणून नावं अशी ठेवतो: अ-खालचा, अ-वरचा, ब-खालचा, ब-वरचा, आणि उत्तराचे उ-खालचा, उ-वरचा. इनलाइन असेंब्लीत, म्हणजे सी च्या कोडमध्येच थेट प्रोसेसरच्या भाषेत, चार सूचना लिहिल्यात:

पहिली : अ-खालचा उचलून उ-खालच्यात ठेव (मूव्ह)
दुसरी : त्यात ब-खालचा मिळव (अ‍ॅड)
तिसरी : अ-वरचा उचलून उ-वरच्यात ठेव (मूव्ह)
चौथी : त्यात ब-वरचा आणि हातचा मिळव (एडीसी)

मधल्या मूव्हने कॅरी फ्लॅगला (हातचा तिथे राहतो) धक्का लागत नाही, त्यामुळे क्रम बरोबर आहे, हे तपासलंय. दोन्ही उत्तरांना "=आर" दिलंय, चारही इनपुटना "आर". "आर" म्हणजे रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात) ठेव, = म्हणजे इथे उत्तर लिहिलं जाईल. कन्स्ट्रेंटची, म्हणजे कुठला ऑपरंड (सूचनेला दिलेली किंमत) कुठे ठेवायचा हे सांगणारी, अक्षरं इथे देवनागरीतच लिहितोय.

संख्या फाईलमधून येतात. अ चा वरचा १, खालचा ५. ब चा वरचा २, खालचा ७. उत्तर यायला हवं वरचा ३, खालचा १२, आणि तसं येतही होतं. मग तपासणीसाठी मी बेरजेच्या खाली अ-खालचा छापणारी एक ओळ घातली. फक्त छापणारी, बाकी काही बदललं नाही. तर खालचा १२ बरोबर आला, पण वरचा आला १३! ओळ काढली की पुन्हा ३. -ओ२ (ऑप्टिमायझेशन चालू) लावूनच कम्पाइल करतोय. छापल्याने बेरीज कशी बदलेल? मला कम्पायलरमध्येच बग वाटतोय, पण तसं म्हणायचं धाडस होत नाही.

---

तळटीप

पायवाट, कम्पायलर बरोबर आहे. तुमच्या १३ मध्येच उत्तर दडलंय. १३ म्हणजे १ अधिक १२. १ हा अ-वरचा, आणि १२ हे तुमचं ताजं उ-खालचं उत्तर. म्हणजे चौथ्या सूचनेने ब-वरचा म्हणून जे रजिस्टर वाचलं त्यात २ नव्हताच, तिथे १२ येऊन बसला होता. ब-वरचा आणि उ-खालचा यांना एकच रजिस्टर मिळालंय.

असं का होतं ते सांगतो. जीसीसी तुमचा टेम्प्लेट, म्हणजे अवतरणातला सूचनांचा मजकूर, वाचत नाही. त्याच्या दृष्टीने ती एक अक्षरांची माळ आहे. त्यातल्या %०, %१ च्या जागी रजिस्टरांची नावं भरायची आणि माळ पुढे असेंब्लरकडे द्यायची, एवढंच त्याचं काम. कोड किती लांब होईल याचा अंदाज बांधायला तो त्यातल्या ओळी मोजतो, पण आत अ‍ॅड आहे की मूव्ह, कुठली सूचना आधी आणि कुठली नंतर, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. त्याला दिसतात ते फक्त कोलनच्या पलीकडचे करार: कुठला ऑपरंड आत येतो, कुठला बाहेर जातो, काय काय नासतं.

आणि तुम्ही नुसतं "=आर" लिहिलं की त्याचा अर्थ होतो, "सगळी इनपुट वाचून संपल्यावरच मी इथे लिहीन." मग कम्पायलर विचार करतो, इनपुटचं जे रजिस्टर इथेच मोकळं होतंय तेच आउटपुटला देऊन टाकू. त्याच्या बाजूने हा हिशोब अगदी चोख आहे.

आता छापायच्या ओळीचं बघा. ती नव्हती तेव्हा अ-खालचा बेरजेनंतर कुणालाच नको होता. त्याचं रजिस्टर मोकळं होत होतं, तेच उ-खालच्याला मिळालं. तुमची पहिली मूव्ह स्वतःतून स्वतःत झाली, काही बिघडलं नाही. प्रिंट घातल्यावर अ-खालचा पुढे जिवंत ठेवणं भाग पडलं. मग रजिस्टर वाटणाऱ्याने इथेच संपणारं दुसरं इनपुट शोधलं, आणि ते निघालं ब-वरचा.

उपाय: "=&आर". हा & म्हणजे अर्ली-क्लॉबर. "सगळी इनपुट वाचून व्हायच्या आत मी इथे लिहिणार आहे, तेव्हा याला कुठल्याही इनपुटच्या रजिस्टरमध्ये बसवू नकोस." दोन्ही आउटपुटना लावा. उ-वरच्यालाही हवा, कारण तिसऱ्या सूचनेत त्याच्यात लिहिलं जातं तेव्हा ब-वरचा वाचायचा बाकी असतो.

---

पायवाट

तळटीप, अगदी तेच! -एस लावून असेंब्लीची फाईल काढली. ब-वरचा आरसीएक्समध्ये होता आणि उ-खालचासुद्धा आरसीएक्समध्येच. पहिल्याच मूव्हने २ पुसला जात होता. मी दोन दिवस सूचना तपासत बसलो होतो, कोलनपलीकडे बघितलंच नाही.

---

सांजवेळ

फार छान उलगडून सांगितलंत. पण मला एक पटत नाही. बेसावध माणसाचा पाय घसरेल असाच डीफॉल्ट का ठेवला? सुरक्षित बाजू डीफॉल्ट ठेवायची आणि ज्याला रजिस्टर वाचवायचंय त्याने खूण करायची, असं उलटं का नाही केलं?

---

तळटीप

सांजवेळ ताई, याचं कारण कन्स्ट्रेंट आले कुठून यात आहे. ही अक्षरं इनलाइन असेंब्लीसाठी तयार केलेली नाहीत. जीसीसी १९८७ साली बाहेर आला. प्रत्येक प्रोसेसरसाठी त्याच्याकडे एक मशीन-वर्णनाची फाईल असते. त्यात लिहिलेलं असतं की बेरजेची सूचना अशी दिसते, तिचा पहिला ऑपरंड रजिस्टर किंवा मेमरी चालतो, दुसरा रजिस्टर, मेमरी किंवा स्थिरांक. तिथे "आर", "एम" (मेमरी), "आय" (स्थिरांक), =, +, & हीच भाषा वापरतात. इनलाइन असेंब्ली लिहिताना आपण कम्पायलरच्या त्या आतल्या तक्त्यात स्वतःची एक ओळ भरत असतो.

तिथे एक वर्णन म्हणजे बहुतेक वेळा प्रोसेसरची एकच सूचना. आणि एकटी सूचना आपली इनपुट आधी वाचते, उत्तर शेवटी लिहिते. तिथे तो डीफॉल्ट योग्यच आहे, त्याने रजिस्टर वाचतात. आपण एका टेम्प्लेटमध्ये चार सूचना कोंबतो तेव्हा गृहीतक मोडतं. मी स्वतःपुरता नियम ठेवलाय: टेम्प्लेटमध्ये दुसरी सूचना आली की प्रत्येक आउटपुटपाशी थांबून & बद्दल विचार करायचा.

हे फक्त एक्स८६ पुरतं नाही. एआरएम६४ वर एलडीएक्सआर (वाच) आणि एसटीएक्सआर (मध्ये कुणी बदललं नसेल तरच लिही) यांच्या जोडीने अ‍ॅटॉमिक, म्हणजे मध्ये कुणी घुसू न शकणारी, बेरीज करतात. लिनक्स कर्नलमध्ये ती लूप बघा, निकाल आणि तात्पुरतं रजिस्टर दोघांनाही "=&आर" दिलेलं आहे. एसटीएक्सआर फसली की लूप मागे जाते आणि इनपुट पुन्हा वाचावं लागतं. मधल्या काळात त्यावर दुसरं कुणी येऊन बसलं तर सगळंच कोसळेल.

---

दीपमाळ

रजिस्टरांचा घोळ निदान उत्तरात दिसतो तरी. मेमरीचा घोळ त्याहून वाईट, कारण तो महिनोन्महिने झोपून राहतो. माझा अनुभव सांगते.

आधीच्या नोकरीत आम्ही नेटवर्कचं पॅकेट स्वतः बांधायचो. हेडरची खाती भरायची, मग असेंब्लीत लिहिलेलं चेकसम (बाइट्सची पडताळणीची बेरीज) फंक्शन बोलवायचं. त्याला हेडरचा पत्ता "आर" मधून, लांबी "आर" मधून, उत्तर "=&आर" मधून. रजिस्टरांच्या बाजूने सगळं चोख होतं. कितीतरी महिने नीट चाललं. मग कम्पायलरची आवृत्ती बदलली आणि पॅकेटं पलीकडे टाकून दिली जायला लागली. चेकसम जुळेना. डीबगरमध्ये थांबून बघितलं तर हेडर बरोबर, हाताने काढलेला चेकसमही बरोबर, फक्त प्रोग्रामचा चुकीचा.

झालं होतं असं: पॉइंटर "आर" मधून दिला म्हणजे कम्पायलरला कळतं की पत्ता हवा आहे. त्या पत्त्यावरची मेमरी वाचली जाणार आहे हे त्याला कळत नाही! पत्ता म्हणजे त्याच्या लेखी एक आकडा. त्यामुळे हेडरचं एक खातं भरायची सूचना त्याने असेंब्लीच्या तुकड्याच्या खाली सरकवली. तो चेकसम निघाला त्या खात्यातल्या जुन्या बाइट्सचा. आधीची आवृत्ती असं सरकवत नव्हती, इतकंच.

क्लॉबरच्या यादीत (तुकडा आणखी काय नासवतो ते तिथे सांगतात) "मेमरी" लिहिलं आणि सुटलो. त्याचा अर्थ, हा तुकडा कुठलीही मेमरी वाचेल किंवा बदलेल, तेव्हा अडकवून ठेवलेलं सगळं आधी मेमरीत उतरव आणि नंतर पुन्हा वाच. लिनक्समध्ये एक्स८६ साठी आयपी हेडरच्या चेकसमचं जे फंक्शन आहे, त्यालाही "मेमरी" क्लॉबर आहे.

कुणी सांगेल व्होलाटाइल लावा. आम्हीही आधी तेच लावलं, काही उपयोग झाला नाही. व्होलाटाइलमुळे तुकडा काढून टाकला जात नाही आणि दुसऱ्या व्होलाटाइल तुकड्यांशी त्याचा क्रम टिकतो. साध्या मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याला तो बांधत नाही.

---

तळटीप

+१. एक भर घालतो. "मेमरी" हा मोठा घण आहे, सगळीच मेमरी त्यात येते. तेवढीच जागा सांगायची असेल तर त्या बफरला ठरावीक लांबीचा अ‍ॅरे म्हणून कास्ट करून "एम" इनपुट द्यायचं. टेम्प्लेटमध्ये तो ऑपरंड वापरला नाही तरी चालतं. नुसतं सांगितलं की कम्पायलरला पुरतं.

---

नवखा_कोडर

मध्येच विचारतो, माफ करा. माझा कोड -ओ२ ला चालतो आणि -ओ० ला (ऑप्टिमायझेशन बंद) "इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट" म्हणून कम्पाइलच होत नाही. उलटं कसं? इनलाइन फंक्शनचा एक पॅरामीटर "आय" ने देतोय, बोलावताना तिथे ३ लिहिलाय.

---

दीपमाळ

"आय" म्हणजे कम्पाइल होतानाच ठाऊक असलेला स्थिरांक. फंक्शनच्या आत पॅरामीटर हा व्हेरिएबलच असतो. -ओ२ ला फंक्शन उलगडून जागेवर बसतं, ३ आतपर्यंत पोचतो आणि तो स्थिरांक आहे हे दिसतं. -ओ० ला उलगडणं होत नाही, मग "आय" ची अट पुरीच करता येत नाही. तिथे मॅक्रो वापर. किंवा सूचनेला रजिस्टरही चालत असेल तर पर्याय दे. कर्नलमधली पोर्टवर लिहिणारी आउटबी सूचना बघ. तिथे पोर्टला "एनडी" आहे, एन आणि डी ही दोन अक्षरं जोडून. एन म्हणजे ० ते २५५ मधला स्थिरांक, डी म्हणजे डीएक्स रजिस्टर. स्थिरांक बसला तर सूचनेतच जातो, नाही तर डीएक्समधून. त्या सूचनेला हार्डवेअरमध्ये हेच दोन मार्ग आहेत, आणि कन्स्ट्रेंट तेच जसंच्या तसं सांगतो. मला ही ओळ फार आवडते.

---

शेवटची_बस

एक्स८६ वरची जुनी ठेच. प्रोसेसरचा घड्याळ-काउंटर वाचणारी आरडीटीएससी सूचना. ती वरचे ३२ बिट ईडीएक्समध्ये आणि खालचे ३२ ईएएक्समध्ये ठेवते. ३२ बिटी काळात सगळे "=A" लिहायचे, तो मोठा ए (इथे रोमन अक्षराला इलाज नाही, लहान ए वेगळा). त्याचा अर्थ ए आणि डी रजिस्टरांची जोडी. ६४ बिटी मशीनवर तोच कोड गुपचूप कम्पाइल होतो, पण ६४ बिटांची किंमत आता एकाच रजिस्टरमध्ये मावते. मग कम्पायलर त्या दोनपैकी कुठलंही एक घेतो. अर्धाच आकडा हाती येतो, आणि चेतावणी काहीच नाही. जीसीसीच्या मॅन्युअलमध्येच हे लिहिलंय: लहान ए आणि डी असे दोन वेगळे आउटपुट घ्या आणि स्वतः जोडा.

दुसरी, सिस्कॉल, म्हणजे कर्नलला काम सांगणारी सूचना. लिनक्सवर सिस्कॉल सूचना आरसीएक्स आणि आर११ नासवते, परतीचा पत्ता आणि फ्लॅग प्रोसेसर तिथे ठेवतो. क्लॉबरमध्ये ही दोन लिहिली नाहीत तर छोट्या प्रोग्राममध्ये सगळं चालतं. ज्या दिवशी लूपचा काउंटर आरसीएक्समध्ये जाईल त्या दिवशी कळेल.

तिसरी. इनपुट म्हणून दिलेलं रजिस्टर टेम्प्लेटमध्ये बदलायचं नाही. रेप मूव्हएसबी (बाइट्स एका जागेहून दुसरीकडे उतरवणारी सूचना) चालली की आरएसआय, आरडीआय पुढे सरकलेले असतात आणि आरसीएक्स शून्य झालेला असतो. म्हणून तिन्ही "+" ने द्यायचे, म्हणजे वाचतो आणि लिहितोही. ते क्लॉबरमध्येही लिहिता येत नाहीत, ऑपरंड असलेलं रजिस्टर क्लॉबरमध्ये दिलं तर कम्पायलर नाकारतो.

---

सांजवेळ

मी रोज रस्ट भाषेत कोड लिहिते, म्हणून माझ्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे शोधलं. रस्टने नेमकं उलटं केलंय! फेब्रुवारी २०२२ मध्ये १.५९ आवृत्तीत त्यांची एएसएम मॅक्रो स्थिर झाली. तिथे साधं "आउट" लिहिलं की ते इनपुटशी रजिस्टर वाटून घेत नाही. वाटून घ्यायचं असेल तर मुद्दाम "लेटआउट" लिहावं लागतं. मेमरीचंही तसंच. काही सांगितलं नाही तर तुकडा मेमरीला हात लावतो असंच धरतात, लावत नसेल तर "नोमेम" लिहायचं. खाली एलएलव्हीएमचेच (रस्ट कम्पायलर ज्यावर उभा आहे त्या पायाचे) कन्स्ट्रेंट आहेत, पण विसरल्यावर नुकसान होतं ते फक्त वेगाचं. उत्तर चुकत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

---

तळटीप

खरंय. सी मध्ये आता डीफॉल्ट बदलता येणार नाही, इतका जुना कोड त्याच्यावर उभा आहे.

एलएलव्हीएमचा विषय निघालाच आहे तर त्यावरच्या क्लँगचं (सी चा दुसरा कम्पायलर) सांगतो, जीसीसीचाच करार तो पाळतो पण निवड वेगळी करतो. "आरएम" म्हणजे रजिस्टर किंवा मेमरी. जीसीसीमध्ये हे ठरतं रजिस्टर वाटपाच्या वेळी, रजिस्टर उरलं असेल तर रजिस्टर. क्लँग बराच काळ हे फार आधी ठरवत आलाय, आणि सावध राहून मेमरी घेत आलाय. उत्तर बरोबरच येतं, पण किंमत उगाच स्टॅकवर उतरते. दोन्ही कम्पायलरवर चालणारा कोड असेल तर असेंब्ली एकदा डोळ्यांनी बघा.

---

पायवाट

मंडळी, परत आलोय, आणि पुन्हा चुकलंय.

"=&आर" लावून बरोबर आलं. मग शेवटची_बस यांचा प्रतिसाद वाचून म्हटलं, मूव्ह हव्यातच कशाला? अ चे दोन्ही तुकडे "+आर" ने देतो, ब चे दोन्ही "आर" ने. दोनच सूचना उरल्या: अ-खालच्यात ब-खालचा अ‍ॅड, अ-वरच्यात ब-वरचा एडीसी. & काढला, कारण आता आउटपुट स्वतःच इनपुट आहे, त्याचं रजिस्टर आधीच भरलेलं आहे, दुसरं इनपुट तिथे कसं बसेल?

फाईलमधल्या संख्यांना बरोबर आलं. मग मोठी बेरीज करायला घेतली. सुरुवात शून्यापासून, म्हणजे अ चे दोन्ही तुकडे ०, आणि मिळवायची संख्या ६४ बिटी, म्हणजे ब-वरचा ०. पहिल्याच फेरीला वरचा तुकडा चुकला. ७ मिळवले तर वरही ७!

---

तळटीप

वर ७ म्हणजे ब-वरच्याच्या जागी पुन्हा ताजा खालचा तुकडा वाचला गेला.

अ-खालचा ० आणि ब-वरचाही ०, हे दोन्ही कम्पायलरला कम्पाइल करतानाच दिसतंय. दोन इनपुटची किंमत एकच आहे हे ठाऊक असेल तर तो दोघांना एकाच रजिस्टरमध्ये ठेवू शकतो, आणि त्याला तशी मुभा आहे. "+आर" म्हणजे वाचतो आणि लिहितो, पण लिहितो ते शेवटी, हे गृहीत तसंच राहतं. तुम्ही अ-खालच्यात पहिल्याच सूचनेला लिहिता आणि ब-वरचा दुसऱ्या सूचनेला वाचता. म्हणून तिथे "+&आर" हवा. अ-वरच्याला साधं "+आर" पुरे, त्याच्यात लिहिल्यावर वाचायचं काही उरत नाही.

फाईलमधल्या संख्यांना ते कधीच फुटलं नसतं. त्या समान आहेत की नाही हे कम्पायलरला कळायचा मार्गच नाही.

---

दीपमाळ

याच्याच शेजारचा एक खड्डा सांगून ठेवते. एक आउटपुट "=आर" आणि दुसरं "=एम" असेल, तर "एम" चा पत्ता काढायला एक रजिस्टर लागतं, आणि ते रजिस्टर पहिल्या आउटपुटला मिळू शकतं. आधी पहिल्यात लिहिलं की पत्ताच गेला. तिथेही & हवा.

आणि पायवाट, शिकायला म्हणून हे उत्तमच आहे. पण प्रोग्रामसाठी जीसीसी आणि क्लँगमध्ये १२८ बिटी पूर्णांकाचा प्रकार आहेच. साधं अधिक चिन्ह लिहा, तो स्वतः अ‍ॅड आणि एडीसी घालतो. शिवाय ती बेरीज त्याला समजते, शून्य मिळवणं असेल तर तो ती काढूनही टाकतो.

---

पायवाट

दोन्ही करून बघितलं. "+&आर" लावल्यावर शून्यापासूनची बेरीज बरोबर आली, वरचा ०, खालचा ७. असेंब्लीत आता अ-खालचा आणि ब-वरचा यांना शून्य केलेली दोन वेगळी रजिस्टरं दिसतात, आधी दोघांना एकच होतं.

१२८ बिटी प्रकाराने केलं तर फाईलमधल्या संख्यांना हुबेहूब माझ्याच दोन सूचना निघाल्या, अ‍ॅड आणि त्याखाली एडीसी. शून्याच्या फेरीत मात्र एकही निघाली नाही, ७ थेट जागेवर. प्रोग्राममध्ये तेच ठेवलंय. असेंब्लीची आवृत्ती वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवलीय आणि & च्या शेजारी कॉमेंट लिहिलीय: "ब-वरचा याच्यानंतर वाचला जातो." प्रिंटची ओळही परत घातली. वरचा ३, खालचा १२.